उसना राग

मला लोक चेहऱ्यानं ओळखत नाहीत. दुकानात मी तोंड उघडलं की मात्र दोन-चार माना वळतात, कारण कुणाच्या तरी टीव्हीवरचा खट्याळ बोका माझ्या आवाजात बोलतो, आणि त्याच टीव्हीवरची कजाग सासूही माझ्याच आवाजात सुनेला झापते. मी डबिंग करते. ओठ दुसऱ्याचे, आवाज माझा. शाळकरी पोरांपासून बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे मला जमतात, म्हाताऱ्या जरा जास्तच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते याच कलेच्या जोरावर केलं. त्याबद्दल कुणाला उपदेश करायचा असेल तर त्यानं आत्ताच उठावं.

माझी आई दादाकडे राहायची. काचबिंदूनं तिची नजर खाल्ली. तिला उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. दारात पाऊल वाजलं की ती 'कोण?' म्हणते आणि उत्तराच्या पहिल्या शब्दावर माणूस ओळखते. मला तर ती खोकल्यावरूनही ओळखते. लहानपणी माझं तोंड क्षणभर बंद नसायचं म्हणून तिनं मला 'भोंगा' म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत. चारचौघांत म्हणाली की मी चिडल्यासारखं करते.

एका रविवारी मी नेहमीसारखी दादाकडे गेले. वहिनीनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"ताई, आज नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

तिच्या मागून दादा आला. रागावला की तो ओरडत नाही, त्याचा आवाज खाली जातो. "तोंड दाखवायला आलीस हे विशेष आहे," तो म्हणाला. "आईची ठेव खाल्लीस ती खाल्लीस. वर तिला नको नको ते ऐकवलंस. आता काय राहिलंय न्यायचं?"

मला वाटलं, तो गंमत करतोय. मग आतल्या खुर्चीत आई दिसली. माझा आवाज ऐकूनही तिनं मान वळवली नव्हती. मी वहिनीला बाजूला सारून आत गेले आणि आईच्या पायाशी बसले.

"काय झालं ते मला सांग. मी काहीही केलेलं नाही."

मग तिनं सांगितलं ते असं. आठवड्यापूर्वी मी तिला फोन केला होता. म्हणजे माझ्या आवाजानं केला होता. 'आई, भोंगा बोलतोय,' इथूनच सुरुवात. मी एका अपघाताच्या भानगडीत अडकलेय, वकिलाला पैसे द्यायचेत, आपल्या दोघींच्या नावावरची ठेव मोडावी लागेल, तुझ्या फोनवर बँकेचा कोड येईल तेवढा सांग, दादाला इतक्यात कळू देऊ नकोस. आईचा फोन आलेला निरोप मोठ्यानं वाचून दाखवतो, तिच्या डोळ्यांसाठी दादानंच तशी सोय केलेली. तिनं पहिला कोड सांगितला. थोड्या वेळानं पुन्हा फोन आला, दुसरा कोड हवा म्हणून. तेव्हा आईला शंका आली. ती म्हणाली, थांब, मी दादाला विचारते.

"मग तू बोललीस," आई म्हणाली.

"काय बोलले?"

"'आजपासून तू माझी आई नाहीस. तू मेल्याचं कळलं तरी मी यायची नाही.'" तिनं ते सपाट आवाजात म्हटलं, पाठ केल्यासारखं. "मी रडत रडत कोड सांगितला. तरी तू फोन ठेवलास."

"आई, ती मी नव्हते."

"पैशाचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मला तुझा आवाज कळत नाही असं म्हणू नकोस. मला आता तेवढंच कळतं."

दादानं दार उघडून धरलं होतं. मी बाहेर पडले. जिना उतरताना डोक्यात काहीतरी खुपत होतं. ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी ते कुठेतरी म्हटलं होतं, आणि एकदा नाही, तीनदा-चारदा. खाली रस्त्यावर आल्यावर आठवलं. गेल्याच महिन्यात एका मालिकेचं काम केलं, त्यात एक मुलगी आईचं घर सोडून जाते. तिच्या तोंडचं वाक्य होतं ते. दिग्दर्शकाचं समाधान होईना, म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. मालिका अजून कुठेही लागलेली नव्हती. ते वाक्य माझ्या आवाजात ऐकलेली माणसं जगात दोनच होती. एक दिग्दर्शक, ज्याला स्वतःचा ईमेल उघडायला बायको लागते. दुसरा कानसेन.

कानसेन म्हणजे आमच्या स्टुडिओतला साउंड इंजिनिअर. माईकपासून दोन बोटं मागे सरकलं तरी काचेपलीकडून मान हलवायचा, म्हणून आम्ही त्याला ते नाव ठेवलं होतं. सभ्य माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. घसा बसला तर स्वतः गरम पाणी आणून द्यायचा. मला खात्री होईना.

खात्री बँकेत झाली. ठेव मोडायला आलेल्या फोनवर बँकेनं दुसऱ्या खातेदाराला, म्हणजे मला, प्रश्न विचारले होते, आणि त्या बोलण्याची नोंद त्यांच्याकडे होती. बँकेतल्या साहेबांनी मोठ्या मिनतवारीनं ती ऐकवली. मी माझाच आवाज ऐकत बसले. नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता, आईचा फोन नंबर. घरात तुम्हाला काय म्हणतात, या गुप्त प्रश्नाचं उत्तरही बरोबर.

"मॅडम, आवाज तर तुमचाच आहे," साहेब म्हणाले.

होताच. आणि मला तो नेमका कुठला ते कळलं. रेकॉर्डिंगच्या आधी लेव्हल लावतात. काचेच्या खोलीत माईकसमोर उभं राहून तुम्ही काहीही बोलायचं, आणि पलीकडचा माणूस बटणं वरखाली करून तुमचा आवाज बसवून घेतो. कुणी आकडे म्हणतं, कुणी काल काय खाल्लं ते सांगतं. मला डोकं न चालवता म्हणता येईल असं एकच होतं. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता, आईचा नंबर, आणि शेवटी 'भोंगा बोलतोय'. शकुन म्हणा, खोड म्हणा. ते म्हटल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही. जी माहिती लोक तिजोरीत ठेवतात ती मी रोज सकाळी उत्तम माईकवर, स्वच्छ उच्चारात, एका माणसाला सांगत होते. बँकेच्या नोंदीत आईच्या नंबरचे पहिले आकडे झाल्यावर मी आवंढा गिळते तोसुद्धा जसाच्या तसा होता. मधली नवी वाक्यं यंत्रानं जोडली होती, ती जरा गुळगुळीत होती. यंत्राला गोड बोलता येतं. राग जमत नाही त्याला. म्हणून आईनं अडवलं तेव्हा फोन करणाऱ्यांनी माझा खराखुरा राग लावला, माझाच, मालिकेसाठी काढलेला. त्या टेकनंतर कानसेन म्हणाला होता, "राग चांगला आलाय. ठेवू."

ठेवला होता मेल्यानं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी आधी सरळ मार्गानं गेले, हे लक्षात ठेवा. पोलिसांच्या सायबर विभागात एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मालिकेतलं वाक्य हा पुरावा होत नाही," त्या म्हणाल्या. "तो म्हणेल, हिनंच केलं आणि आता माझ्यावर ढकलतेय. खरं सांगू? माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं आधी तुमचं घर तपासलं असतं. आवाज काढणं हा तुमचाच धंदा."

"मग मी काय करू?"

"त्यानं हे सगळं कुठेतरी साठवलं असणार. जागा कळली तर मला झडती घेता येईल. परवानगीचे कागद मी तयार ठेवते. पण उगाच धाड घातली आणि हाती काही लागलं नाही, तर तो सावध होईल आणि आपण बसू टाळ्या वाजवत."

घरी येताना मी दादाला फोन लावला. त्यानं कापला. आईला लावला. तिनं उचलला, माझा 'आई' एवढा शब्द ऐकला आणि ठेवला. त्या क्षणी माझा बेत ठरला. मला कानसेनला नुसतं पकडून द्यायचं नव्हतं. मला त्याला माझ्या आईच्या खुर्चीत बसवायचं होतं.

कानसेनलाही आई होती. मला ती चांगली माहीत होती. संध्याकाळी ती स्टुडिओच्या बाकावर येऊन बसायची, लेकाचं काम संपलं की त्याच्याबरोबर घरी जायची. मी मोकळी असले तर तिच्याशेजारी बसायचे. ती मला 'बोक्याच्या बाई' म्हणायची. लेकाला राजा म्हणायची. बोलण्याआधी बारीकसा श्वास अडकायचा तिचा, आणि दर दोन वाक्यांनंतर 'ऐकतोयस ना' असायचं. रोज दुपारी बहिणीकडे पत्ते खेळायला जाते, जिंकले तरच राजाला सांगते, हेही तिनंच मला सांगितलं होतं. मी काही तिची माहिती चोरली नव्हती. तिनं आपणहून दिली होती. कानसेननंही माझी चोरली नव्हती, तसं पाहिलं तर.

मी घरी कपाटाचं दार लावून कपड्यांत डोकं खुपसून सराव केला. कपड्यांत आवाज घुमत नाही, आमचे सगळे तसाच सराव करतात. म्हातारी मला दुसऱ्याच प्रयत्नात सापडली. श्वास तेवढा अवघड होता.

स्टुडिओत काम चालू असताना मोबाईल बाहेरच्या खणात ठेवावे लागतात, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते. घरून कुणाला निरोप द्यायचा असेल तर रिसेप्शनच्या फोनवर द्यायचा. तो फोन जुनाट, त्यावर नंबर दिसत नाही. त्या दिवशी कानसेनचं मोठं काम होतं, निर्माता स्वतः येऊन बसलेला, संध्याकाळपर्यंत जागचं हलता यायचं नाही. त्याची आई बहिणीकडे गेली असेल अशी वेळ साधून मी फोन लावला.

"राजा आहे का गं? त्याची आई बोलतेय," मी रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं. तिनं लगेच त्याला बोलावलं.

"काय गं आई? मावशीकडे नाही गेलीस?"

क्षणभर मी गारठले. मग श्वास अडकवला. "निघालेच होते रे. दारातच गाठलं मला. पोलीस आले होते राजा. त्या आवाजवाल्या बाईचं विचारत होते. परत येतो म्हणालेत. काय आहे हे? ऐकतोयस ना?"

त्याचा कान आमच्या धंद्यात नावाजलेला. पण फोनमध्ये आवाजाचा तळ कापला जातो, वरवरचं तेवढं पोचतं, हे मला त्यानंच एकदा शिकवलं होतं. आणि घाबरलेला माणूस कानानं ऐकत नाही.

"आत आले का ते?" त्यानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"दारातूनच गेले. तुझं काही ठेवलेलं आहे का घरात? सांग, मी हलवते."

"तू कशाला हात लावू नकोस. माझ्या खोलीत तो मोठा जुना स्पीकर आहे ना, त्याच्या जाळीमागे आहे. तुला ती जाळी निघणार नाही. आई, तू दाराला कुलूप लाव आणि मावशीकडे जा. मी येतो संध्याकाळी, सगळं बघतो."

"राजा, तू काही वाईट केलंयस का रे?"

"पैसे दुसऱ्यांनी घेतले गं," तो म्हणाला. "मी फक्त आवाज दिले."

मी फोन ठेवला आणि सायबरवाल्या बाईंना स्पीकरची जाळी सांगितली. "तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. "कानावर आलं," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

उन्हं उतरायच्या आत त्यांचा फोन आला. डिस्क सापडली होती. तिच्यात माझ्यासारख्या कितीतरी कलाकारांच्या आवाजांची खाती होती, नावानिशी, नीट लावून ठेवलेली. हसू, रडू, खोकला, राग. त्याच्या आईला बहिणीकडून बोलावून आणून शेजारच्या घरात बसवलं होतं, फोनला हात लावू देत नव्हते. "बिचारी आम्हालाच पाणी विचारतेय," बाई म्हणाल्या. "आता आम्ही स्टुडिओकडे निघतोय. तुम्ही मध्ये पडू नका."

मध्ये पडण्याचं काही कारणच उरलं नव्हतं. चोर सापडला होता, माल सापडला होता. कुणीही शहाणी बाई घरात पाय पसरून बसली असती. मी पुन्हा फोन उचलला. पहिला फोन कामाचा होता. दुसरा माझा होता.

"आई?" त्यानं धावत येऊनच घेतला असावा. "आले का ते?"

"येऊन गेले. सापडलं त्यांना." मी थांबले. थांबायचं कुठे हे मला कळतं, त्याचेच पैसे मिळतात मला. "त्या पोरीच्या आईला काय ऐकवलंत तुम्ही, ते त्यांनी मला ऐकवलं. आंधळी बाई आहे रे ती."

"आई, ऐक ना—"

"आजपासून मला आई म्हणायचं नाही. मी मेल्याचं कळलं तरी तू यायचं नाहीस."

त्यानं एक आवाज काढला. तो कसा होता ते सांगता येणार नाही, आणि माझ्या धंद्यात तो कुणाला काढताही यायचा नाही. मी तो शेवटपर्यंत ऐकला, एकही श्वास न चुकवता, आणि मग फोन ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. नंतर रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं की पोलीस आले तेव्हा तो फोनजवळ जमिनीवर बसलेला होता आणि त्यानं काही न विचारता हात पुढे केले. तेही ऐकून मला बरं वाटलं.

दादा स्वतः माझ्या घरी आला. सॉरी म्हणण्याची त्याला सवय नाही, म्हणून त्यानं माझा गळका नळ दुरुस्त करून दिला. आईला सायबरवाल्या बाईंनी बोलावून घेतलं आणि डिस्कवरचा तो तुकडा तिला ऐकवला. आधी दिग्दर्शकाचा आवाज, 'परत एकदा, अजून राग येऊ दे.' मग माझं वाक्य. मग कानसेनचं 'राग चांगला आलाय. ठेवू.' आईनं तो पुन्हा लावायला सांगितला. मग हात पुढे करून हवेत चाचपडायला लागली, आणि मी माझा चेहरा त्या हातात दिला. ती नुसती माझे कान, नाक, हनुवटी चाचपत राहिली. त्याच दिवशी ती दादाला म्हणाली, मला काही दिवस हिच्याकडे राहायचंय. पैसे थोडेफार परत मिळतील असं बाई म्हणत होत्या. आईनं ते ऐकलंही नसावं.

ते दिवस माझे होते. सकाळी मी स्वयंपाकघरातून ओरडायचे आणि आई आतून ओरडून उत्तर द्यायची. ती मला बोक्याच्या आवाजात बातम्या वाचायला लावायची आणि हसून हसून बेजार व्हायची.

मग एका दुपारी दार वाजलं. आईनं आतून विचारलं, "कोण?"

"बोक्याच्या बाई राहतात ना इथे?" बाहेरून उत्तर आलं. आधी बारीकसा श्वास अडकला होता.

मी दार लावून घेणार होते. पण आई म्हणाली, "कुणीतरी दमलेलं दिसतंय. आत घे." कानसेनची आई आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. वाळून अर्धी झाली होती. तिनं आधी माझ्या आईचे हात धरून माफी मागितली, लेकाच्या वतीनं. माझ्या आईनं तिचे हात सोडले नाहीत.

"मी त्याला सोडवा म्हणायला नाही आले," ती मला म्हणाली. "केलंय ते भोगू दे त्याला. पण तो मला भेटत नाही हो. मी जाते, तिथे बसून राहते, तो बाहेरच येत नाही. जेवत नाही म्हणतात. वकिलाला म्हणाला, आईनंच मला येऊ नको सांगितलंय, फोनवर. बाई, मी त्या दिवशी फोनला शिवले नाही. शिवू दिलंच नाही त्यांनी. मी वकिलाला शपथेवर सांगितलं. त्यानं राजाला सांगितलं. राजा म्हणतो, मला माझ्या आईचा आवाज कळत नाही का?"

"तुम्ही आवाजातल्या माणूस," ती म्हणाली. "त्याच्या त्या टोळीतल्या कुणी केलं असेल का हे? यंत्रानं? तुम्हाला काही सांगता येईल म्हणून आले. दुसरं कुणाला विचारू?"

तिला माझा जराही संशय नव्हता. सरळ डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. जिला संशय आला तिला दिसत नव्हतं.

"भोंग्या," आई म्हणाली. "यंत्राला राग जमत नाही, असं तूच म्हणतेस ना?"

"हो."

"मग हे तुझं काम आहे का?"

खोटं बोलता आलं असतं. कुठल्याही आवाजात बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "मीच केलं. आणि मला त्याचं काही वाटत नाही. त्यानं माझ्या आईला जे ऐकवलं तेच मी त्याला ऐकवलं. एक शब्दही वाढवला नाही."

कानसेनच्या आईचं तोंड किंचित उघडं राहिलं. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती खुर्चीत मागे सरकली आणि पदराचं टोक मुठीत धरून बसली. मग म्हणाली, "मग तुम्ही एकदा त्याला सांगाल का? तुम्ही सांगितलंत तर पटेल त्याला. माझं नाही पटत."

"नाही," मी म्हटलं.

"भोंग्या, सांगून ये," आई म्हणाली.

"नाही सांगणार. तुला त्यानं रडवलं ते आठव. मी फोन केला की तू ठेवून द्यायचीस. मी मेले होते तुझ्यासाठी. त्याला कुजू दे तिथे."

"मला त्यानं रडवलं. या बाईंनी काय केलंय?"

"ती त्याची आई आहे."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली.

मी हट्टानं तोंड फिरवलं. मला वाटलं, ती अजून समजूत घालेल, आवाज चढवेल, आणि मग कदाचित मी ऐकेनही. तिनं तसं काही केलं नाही. तिनं काठी चाचपली आणि उठली.

"फोनवर मला ते बोलली ती तू नव्हतीस," ती म्हणाली. "ते कळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आता हे ऐकतेय, आणि ही तूच आहेस." मग ती दुसऱ्या बाईकडे वळली. "मला माझ्या मुलाच्या घरापर्यंत सोडाल का? वाटेत मला सगळं नीट सांगा. माझा मुलगा सरळ आहे, तो येईल तुमच्याबरोबर तुरुंगात."

कानसेनच्या आईनं तिचा हात आपल्या हातात घेतला. दोघी एकमेकींना सांभाळत दाराबाहेर पडल्या, सावकाश, एकेक पायरी. मी खुर्चीला खिळून बसले होते. खालच्या वळणावर त्यांची पावलं पोचली तेव्हा मी उठले आणि धावत जिन्याच्या कठड्याशी आले.

"आई," मी म्हटलं. "थांब ना. जाऊ नकोस."

काठीचा आवाज थांबला. आईनं मान जराशी वर केली, अनोळखी माणूस दारात आला की करते तशी.

"आता हा कुणाचा आवाज काढलायस?" तिनं विचारलं.

तो माझा होता.